बियाण्याची राखण



मुंबईच्या घरांत सकाळीं नळ सोडला म्हणजे पाणी येतें. तें कोठून येतें याचा विचार करण्यास त्या घाईच्या वेळीं कोणास सवड असते? शहापूर तालुक्यांत तानसा नदीवर दगडी धरण बांधून १८९२ सालीं तिचें पाणी मुंबईस आणण्यांत आलें. विहार व तुळशी हे तलाव त्यापूर्वींचे. पुढें वैतरणा आली, भातसा आली. आज मुंबईस पाणी पुरविणारे तलाव सात आहेत. त्यांत सर्वांत मोठा वाटा भातसाचा, आणि भातसाहि शहापूर तालुक्यांतलीच. पाण्याचें हें ऋण आपण निदान ऐकून तरी असतों. परंतु त्याच शहापूर-मुरबाडच्या गांवांतून भेंडी, काकडी, दुधी, मिरची, वांगीं आपल्या बाजारांत येतात, आणि त्या भाजीच्या पाठीमागें एक फार जुनी विद्या उभी आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. ती विद्या म्हणजे बियाणें राखण्याची. बियाण्यास बुरशी लागूं नये म्हणून माणसानें झाडपाल्याचा, राखेचा, धुराचा आणि पुढें विषांचा जो उपयोग केला, त्याचा थोडा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहे.

तानसाच्या बाजूस वर्षाकाठीं सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या महिन्यांत हवा इतकी ओली असते कीं, खुंटीवरचा कोट, फळीवरचें पुस्तक, डब्यांतलें पीठ, सर्वांवर बुरशी चढते. मग बियाण्यास ती कशी सोडील? बुरशीला झाडाप्रमाणें स्वतःचें अन्न तयार करतां येत नाहीं. ती दुसऱ्याच्या अन्नावर जगते. आणि बीं म्हणजे तर झाडानें आपल्या लेकरास बांधून दिलेली शिदोरीच. कांहीं बुरशा बियाण्याच्या टरफलावर बसून राहतात, कांहीं टरफलाच्या आंत शिरतात, आणि कांहीं जमिनींत दबा धरून असतात. पहिल्या जातीच्या बुरशीनें बीं साठवणींतच नासतें. दुसरीनें पछाडलेलें बीं वरून चांगलें दिसतें, उगवतेंहि. पण रोग रोपाबरोबर वाढतो, आणि मिरचीचें फळ पिकावयाच्या वेळीं सडूं लागतें. तिसरीमुळें वाफ्यांतलीं कोंवळीं रोपें बुडाशीं बारीक होऊन एका रात्रींत आडवीं पडतात. दुकानांतून बीं विकत घेणाऱ्याचें यांत पैशाचें नुकसान होतें. परंतु ज्याचें बीं घरचेंच आहे त्याचें एक वर्ष बुडतें, आणि कधीं कधीं एक वाणच कायमचा नाहींसा होतो.

या मुलखांत ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी, कुणबी अशा लोकांचीं घरें आहेत. अशा घरांत पुढल्या सालचें बीं पाहावयाचें तर चुलीजवळ पाहावें. काकडीचें किंवा दुधीचें एखादें चांगलें फळ वेलावरच जून होऊं द्यावयाचें, त्याचें बीं काढून राखेंत चोळावयाचें आणि उन्हांत खडखडीत वाळवावयाचें. कोणी तें ओल्या शेणांत कालवून भिंतीवर थापून ठेवतात. पेरणीच्या वेळीं ती थापी फोडली कीं बीं मोकळें. कोणी तें मडक्यांत किंवा पोकळ तुंब्यांत भरतात, मधें कडुनिंबाचा अथवा निर्गुडीचा वाळलेला पाला घालतात, तोंड शेणमातीनें लिंपतात आणि तें भांडें चुलीच्या वर माळ्यावर किंवा शिंक्यावर ठेवतात. भर पावसाळ्यांतहि तेवढी एक जागा कोरडी राहते.

यांतील प्रत्येक कृतीस आज कारण दाखवितां येतें. बुरशीला वाढण्यास ओल लागते. राख ती शोषून घेते आणि चुलीची ऊब ती परत येऊं देत नाहीं. लांकडाच्या धुरांत असे पदार्थ असतात कीं, ज्यांच्यामुळें बुरशीची वाढ खुंटते. कडुनिंबाच्या व निर्गुडीच्या पाल्यामुळें कीड दूर राहते. आणि किडीनें भोंक पाडलेल्या बियांत बुरशीला शिरण्यास वाट मिळत असल्यामुळें कीड टळली कीं अर्धी बुरशीहि टळते. ही कारणपरंपरा त्या घरच्या बाईला कोणी शिकविलेली नसते. पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या नुकसानींतून शहाणपण आलेलें असतें.

हें शहाणपण ग्रंथांतूनहि आलेलें आहे. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय लिहिला. त्यांत बीं दहा दिवस दुधांत ठेवावें, तुपाच्या हातानें चोळावें, शेणांत घोळावें, धुरी द्यावी, असा विधि आहे. चिंचेच्या बियाला तर हळदीची धुरी सांगितली आहे. रोगट झाडाचा सडका भाग शस्त्रानें काढून त्यावर विडंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असें तो सांगतो. विडंग म्हणजे आपल्या घरांत तान्ह्या मुलाच्या दुधांत घालतात तीच वावडिंग. पुढें सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं सुरपाल नांवाच्या पंडितानें वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र ग्रंथ रचला. त्याची एक हस्तलिखित पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत होती. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनीं ती मिळविली, आणि डॉ. नलिनी साधले यांनीं केलेलें तिचें इंग्रजी भाषांतर १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. या नेन्यांविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ते वनस्पतिरोगांचे शास्त्रज्ञ होते, आणि बुरशीनाशक रसायनांवर त्यांनींच १९७१ सालीं पाठ्यपुस्तक लिहिलें होतें. रसायनांचें बळ आणि त्यांची मर्यादा या दोहोंची ज्यास पुरी ओळख होती, असा मनुष्य उतारवयांत जुन्या पोथीकडे वळला. त्यांत भाबडेपणा नव्हता. पोथींतलें कोणतें वाक्य प्रयोगास उतरतें हें पाहण्याची जिज्ञासा होती.

आतां थोडा वेळ आपण युरोपांत जाऊं, कारण बियाण्याच्या औषधाचें शास्त्र प्रथम तेथें उभें राहिलें. सतराव्या शतकांत इंग्लंडांत ब्रिस्टलजवळ गव्हानें भरलेलें एक जहाज बुडालें. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत भिजलेला तो गहूं खाण्यास निरुपयोगी, म्हणून शेतकऱ्यांनीं तो पेरला. त्या सालीं आसपासच्या गव्हावर काणी पडली, पण या खारवलेल्या बियाण्याचें पीक निर्मळ आलें. ही हकीकत जेथ्रो टल या शेतकीतज्ज्ञानें पुढें लिहून ठेविली. अपघातानें सांपडलेली ही युक्ति खरी कीं काकतालीय, याचा निवाडा करण्यास प्रयोग हवा होता. तो फ्रान्समध्यें मातिये तिये यानें केला. हा गृहस्थ त्र्वा गांवच्या टांकसाळीचा अधिकारी. त्यानें शेताचे तुकडे पाडून कांहींत काणीची काळी पूड माखलेला गहूं पेरला, कांहींत स्वच्छ, कांहींत चुना व मीठ लावलेला. आणि १७५५ सालीं आपला निष्कर्ष छापला कीं, रोग या काळ्या पुडीनेंच पसरतो. १८०७ सालीं बेनेदिक्त प्रेव्हो यानें सूक्ष्मदर्शकाखालीं ती पूड म्हणजे बुरशीचीं बीजुकें आहेत असें दाखविलें. तांब्याचा अंश असलेल्या पाण्यांत तीं रुजत नाहींत हेंहि त्यानें पाहिलें. मोरचुदाच्या पाण्यांत बीं भिजविण्याची पद्धति येथून सुरू झाली.

ती पद्धति आपल्याकडे पुण्याच्या वाटेनें आली. मुंबई इलाख्यांत ज्वारीवरील काणी हा मोठा शत्रु होता. पुण्याचे जी. एस. कुलकर्णी यांनीं या इलाख्यांतील ज्वारीच्या काणीचा अभ्यास केला व तो १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. शेतकी खात्यानें आधीं मोरचुदाच्या पाण्याचा व नंतर गंधकाच्या पुडीचा प्रचार केला. आणि खर्च थोडा, फायदा डोळ्यांनीं दिसणारा, म्हणून शेतकऱ्यांनीं तो मानला.

पुण्याच्या याच शास्त्रज्ञ मंडळींनीं आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा संबंध थेट तानसाच्या खोऱ्याशीं आहे. शहापूर-मुरबाडांत भाताचीं व नाचणीचीं रोपें ज्या जागेंत करावयाचीं, तेथें शेण, डहाळ्या, पाला, गवत व माती यांचे थर रचून उन्हाळ्यांत जाळतात. याला राब म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत जंगल खात्यानें डहाळ्या तोडण्यावर निर्बंध घातले, तेव्हां ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत फार असंतोष माजला. सरकारला १८८५ सालीं चौकशी-मंडळ नेमावें लागलें व १८८७ सालीं त्याचा अहवाल आला. अनेक अधिकाऱ्यांच्या मतें राब म्हणजे जंगलाची नासाडी. शेतकऱ्यांच्या मतें राबावांचून रोप नाहीं. दोन्ही पक्ष आपापल्या ठिकाणीं घट्ट. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर प्रयोग केले आणि १९१२ सालीं ते छापले. राबाचा गुण केवळ राखेच्या खतांत आहे कीं जमीन तापण्यांतहि आहे, हा प्रश्न त्यामुळें भांडणाचा न राहतां अभ्यासाचा झाला. वाफ्याची वरची माती तापली कीं तणाचें बीं व अनेक बुरशा मरतात, हें आज सर्वमान्य आहे. आदिवासी शेतकरी अडाणीपणानें जाळतो असें ज्यास म्हटलें गेलें होतें, त्यांत विचार करण्याजोगें कांहीं आहे, हें प्रयोगशाळेंत गेल्यावरच मान्य झालें. ही गोष्ट आपण मनांत ठेवूं. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

मोरचूद आणि गंधक यांच्यानंतर पारा आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनींत पाऱ्याचीं संयुगें बियाण्यास लावण्यास सुरुवात झाली. त्यांचा गुण विलक्षण. चिमूटभर पूड, आणि पोतेंभर बीं सुरक्षित. पन्नास वर्षें जगभर तीं वापरलीं गेलीं. मग १९७१ सालचा इराक आला. दुष्काळानंतर तेथें पेरणीसाठीं परदेशांतून पारा लावलेला गहूं मागविण्यांत आला. धोक्याची खूण म्हणून त्यास रंग दिलेला होता. पोत्यांवर सूचना होत्या, पण त्या परक्या भाषांत. बीं पोंचेपर्यंत पेरणीची वेळ बऱ्याच ठिकाणीं टळून गेली होती. घरांत धान्य नाहीं आणि दारांत गव्हाचीं पोतीं. लोकांनीं गहूं धुतला, रंग गेला, विषहि गेलें असें समजून त्यांनीं भाकरी केली. रुग्णालयांत ६,५३० माणसें दाखल झालीं व त्यांपैकीं ४५९ मेलीं, असा त्या वेळचा अधिकृत आंकडा आहे.

ही हकीकत मी मुद्दाम सांगितली. शहरांत बीं आणि अन्न या दोन निराळ्या वस्तू आहेत. पाड्यावरच्या घरांत तीं एकाच माळ्यावर शेजारीं शेजारीं असतात, आणि श्रावणांत घरचें धान्य सरलें म्हणजे दोहोंतलें अंतर एका हाताचें उरतें. म्हणून ज्या औषधानें बीं राखलें जाईल, पण चुकून पोटांत गेलें तर जीव जाणार नाहीं, अशा औषधाचें मोल अशा घरीं फार आहे. झाडपाल्याच्या अर्काकडे शास्त्रज्ञ पुनः वळले त्याचें हें एक मोठें कारण होय. झाडपाल्यांतहि विषें असतात, हें मात्र विसरून चालणार नाहीं. बिब्बा, रुई, धोतरा हीं काय थोडीं घातक आहेत?

आतां या कथेंतील सर्वांत महत्त्वाचें प्रकरण. जर्मनींत म्यूनिक येथें युरोपचें पेटंट कार्यालय आहे. या कार्यालयानें १९९४ सालीं अमेरिकेचें शेतकी खातें व डब्ल्यू. आर. ग्रेस नांवाची कंपनी यांना एक पेटंट दिलें. विषय होता, कडुनिंबाच्या बियांतून काढलेल्या विशिष्ट तेलाचें पाण्यांत मिश्रण करून त्यानें झाडांवरील बुरशीचा बंदोबस्त करणें. म्हणजे ज्या झाडाचा पाला आपण गुढीपाडव्यास खातों व धान्याच्या कणगींत घालतों, त्याच्या तेलाचा बुरशीवरील उपयोग हा नवा शोध ठरला, आणि युरोपांत त्यावर मालकी प्रस्थापित झाली. १९९५ सालीं वंदना शिवा, बेल्जमच्या मॅग्डा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय संघ यांनीं त्यास हरकत घेतली.

प्रश्न वरवर सोपा दिसतो. कडुनिंबाचे गुण आमच्या शेकडो वर्षांच्या ग्रंथांत आहेत. मग यांत नवें तें काय? परंतु कायद्याचें काम भावनेवर चालत नाहीं. पेटंट मागणाऱ्यानें तेलाचा प्रकार, त्याचें प्रमाण, मिसळण्याची रीत, असें सर्व नेमकेपणानें मांडलें होतें. हेंच, याच रीतीनें, पूर्वीं उघडपणें कोणी केलें होतें काय, असा सवाल होता. तेथें कडुनिंबाची सामान्य स्तुति पुरी पडत नव्हती. त्या वेळीं कामास आली ती महाराष्ट्रांतील साक्ष. पुण्याच्या एका कृषि-उद्योगाच्या चालकांनीं शपथेवर सांगितलें कीं, १९८५ व १९८६ सालीं पुणें व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर कडुनिंबाच्या अशाच अर्काचे बुरशीवर प्रयोग झाले होते. पेटंटाची मागणी १९८९ नंतरची. प्रयोग त्याच्या आधींचे. मे २००० मध्यें कार्यालयानें पेटंट रद्द केलें. त्यावर अपील झालें, आणि ८ मार्च २००५ रोजीं तेंहि फेटाळलें गेलें.

हळदीची गोष्टहि अशीच. जखमेवर हळद लावण्याचें पेटंट अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलें. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें तें आव्हानिलें, आणि १९९७ सालीं तें रद्द झालें. तेथेंहि आजीचा अनुभव हा पुरावा झाला नाहीं. छापील उतारे दाखवावे लागले. त्यांत १९५३ सालीं एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आलेला लेखहि होता. पुढें २००१ सालीं आपल्या पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह करण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें, तें या अनुभवावरूनच.

या सर्व इतिहासांतून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. ज्ञान असणें निराळें आणि ज्ञानाची नोंद असणें निराळें. तानसाच्या काठच्या बाईला माहीत असलेली युक्ति दोन वाटांनीं तिच्या हातून जाऊं शकते. एक विस्मृतीची, सून शहरांत गेली, चूल जाऊन गॅस आला, शिंकें उतरलें आणि युक्ति संपली. दुसरी वाट म्हणजे ती दुसऱ्या कोणीतरी आपल्या नांवावर लिहून घेणें. दोन्ही वाटांवर पहारा ठेवण्याचा उपाय एकच : तपासणें आणि लिहून ठेवणें. राबाचें तेंच झालें, कडुनिंबाचें तेंच झालें.

तपासणें हा शब्द मी जाणूनबुजून वापरतों. झाडपाल्याची प्रत्येक कृति गुणकारी असतेच असें नाहीं, आणि असली तरी सर्वत्र सारखी नसते. लसणीचें उदाहरण घ्या. अख्ख्या पाकळींत बुरशीनाशक द्रव्य तयार स्थितींत नसतें. पाकळी ठेंचली म्हणजे तिच्यांतील दोन घटक एकत्र येऊन तें निर्माण होतें. १९४४ सालीं अमेरिकेंत कॅव्हॅलिटो व बेली यांनीं तें वेगळें काढलें आणि त्यास ॲलिसिन हें नांव पडलें. तें उष्णतेनें नासतें व ठेवल्यानें कमी होत जातें. म्हणून लसूण उकळून काढा केला तर पदरीं निराशा येईल; कच्ची ठेंचून गाळून घेतलेला ताजा रसच कामाचा. कडुनिंबाचेंहि तसेंच, झाड, जागा, ऋतु, तेल काढण्याची रीत यांप्रमाणें त्याचा गुण बदलतो. शिवाय असे अर्क बहुधा बियाण्याच्या वरच्या बुरशीवर चालतात. आंत शिरलेल्या रोगापुढें त्यांचें बळ अपुरें पडतें. अर्क फार तीव्र झाला तर बुरशीबरोबर अंकुरहि मरतो. जो हें सांगत नाहीं, तो झाडपाल्याचा मित्र नव्हे.

तपासणी करण्यास मोठी प्रयोगशाळाच लागते असें मात्र नाहीं. १९६७ सालीं कोपनहेगन येथें विकसनशील देशांसाठीं बियाण्यांच्या रोगांची संस्था निघाली. तिचे संस्थापक पॉल नीरगार्ड यांच्या पद्धतींतील मुख्य साधन साधा ओला टिपकागद हें होतें. ओल्या टिपकागदावर बिया मांडावयाच्या, आठवडाभर ठेवावयाच्या, आणि कोणत्या बियांवर कोणती बुरशी उमलते तें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयाचें. आपल्या गच्चीवर मिरचीचीं चार रोपें लावणाऱ्या श्रोत्यांनाहि याची धाकटी आवृत्ति करतां येईल. एकाच फळाच्या शंभर बिया घ्या. पन्नास तशाच ठेवा, पन्नास ताज्या लसणीच्या पातळ रसांत थोडा वेळ भिजवून सावलींत वाळवा. मटकीला मोड आणतों तशा दोन ओल्या फडक्यांत त्या निरनिराळ्या बांधा. किती रुजल्या, कितींवर बुरशी आली, हें मोजा आणि तारीख घालून वहींत लिहा. मातिये तिये यानें अठराव्या शतकांत याहून फार निराळें कांहीं केलें नव्हतें.

शहापूरच्या पूर्वेस सह्याद्रि ओलांडला कीं अकोले तालुका लागतो. तेथील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेचें तोंड न पाहतां स्थानिक भाज्यांचीं व धान्यांचीं बियाणीं जमविलीं, राखलीं, वांटलीं. त्यांना २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घरांतील मडकीं व गाडगीं पाहण्यास आतां दूरदूरचे लोक येतात. तानसाच्या खोऱ्यांतहि शिंक्यावर अशीं गाडगीं अजून लोंबत आहेत. त्यांच्या जवळ बसून ऐकणारें आणि लिहून घेणारें माणूस मात्र क्वचित् भेटतें. सवाशे वर्षांहून अधिक काळ आपण या मुलखाचें पाणी पीत आलों आहोंत. तेथल्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं, शिक्षकांनीं, सुटींत तिकडे जाणाऱ्या शहरी मंडळींनीं एकेका घरचें बीं आणि एकेका घरची युक्ति नांवगांवासह, घरधनिणीच्या संमतीनें, वहींत उतरवून तपासावयास दिली, तर त्या ऋणाची थोडीशी फेड होईल. पुढें कधीं कोणी परक्या कचेरींत विचारलें कीं, हें तुम्हांस आधीं ठाऊक होतें याला पुरावा काय, तर ती वही पुढें करतां येईल.